खाकी लिफाफ्यातला धंदा

पत्राचा कागद जाड, छपाई दोन रंगांत. वरच्या कोपऱ्यात गोल बोधचिन्ह, त्याच्या शेजारी बारकोड. मधोमध चौकटीत लाल मिरचीचं चित्र आणि खाली वळणदार देवनागरीत ब्रँडचं नाव, कोल्हापूरच्या या मसाला कारखान्याच्या पाकिटावर असतं तसंच, तंतोतंत. नोंदणी क्रमांक बरोबर. तारीख बरोबर. मसाल्यांचा ट्रेडमार्क वर्ग ३०, तोही बरोबर. मालकाच्या पत्त्यातलं ‘मार्केट यार्डाच्या मागे’सुद्धा इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं उतरलेलं. खाली युरोतली चार आकडी रक्कम, भरायला दहा दिवसांची मुदत आणि मध्य युरोपातल्या कुठल्याशा बँकेचा खाते क्रमांक.

“चित्रसुद्धा आपलंच की,” मालक पत्र माझ्यापुढे सरकवत म्हणाले. “जिनिव्हाचं रजिस्ट्रेशन वकिलांनी काढून दिलं. म्हटलं, त्याचीच कायतरी फी राहिली असंल.”

पैसे गेले नाहीत, पण ते कुणाच्या हुशारीमुळे वाचले असंही नाही. परदेशी पैसे पाठवायचे म्हणून बँकेने फॉर्म ए-२ मागितला, रक्कम कशासाठी पाठवताय ते लिहा म्हणाली, शिवाय आयकराचा फॉर्म १५ सीए. त्यासाठी कागद सीएंकडे गेला आणि सीएंनी तो उलटून पाहिला. मागच्या बाजूला फिकट करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात चार परिच्छेद होते. त्यातल्या तिसऱ्यात लिहिलं होतं की ही खासगी सूची आहे, कोणत्याही सरकारी संस्थेशी तिचा संबंध नाही, हे बिल नसून प्रस्ताव आहे आणि रक्कम भरली की तो स्वीकारला असं समजलं जाईल. ज्या फॉर्मांच्या नावाने निर्यातदार बोटं मोडतात, त्यांच्यातल्याच एकाने इथे लाखभर रुपये वाचवले.

पत्र खोटं आहे, असं एका दमात म्हणता येत नाही, आणि या धंद्याची सगळी मेख तिथेच आहे. ‘तुमचा ट्रेडमार्क आमच्या सूचीत छापू’ एवढंच ते म्हणतं. पैसे भरले तर एखाद्या संकेतस्थळावर खरोखर छापतातही. ते कुणी बघत नाही, ही गोष्ट वेगळी. फसवणूक शब्दांत सापडत नाही; ती कागदाच्या मांडणीत, बोधचिन्हात, मुदतीच्या तारखेत आणि ‘रजिस्टर’, ‘ऑफिस’, ‘इंटरनॅशनल’ या भारदस्त नावांत मुरलेली असते.

पत्ता यांना मिळतो कुठून? मालकांचा पहिला संशय वकिलाच्या कारकुनावर होता. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे. म्हणजे इथूनच एक अर्ज करून अनेक देशांत ट्रेडमार्कचं संरक्षण मागता येतं. हे काम जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, वायपो, पाहते आणि झालेल्या नोंदी दर आठवड्याला आपल्या राजपत्रात प्रसिद्ध करते. चिन्ह, मालक, पत्ता, वर्ग, सगळं उघड. आपल्याकडचं ट्रेड मार्क्स जर्नलही दर सोमवारी असंच निघतं. कुणाला हरकत घ्यायची असेल तर प्रसिद्धीनंतर चार महिन्यांत घ्या, हा त्याचा हेतू. चिन्ह जाहीर केल्याशिवाय आपल्याकडे त्याची नोंदणी होत नाही. म्हणजे ग्राहकांची यादी आयती, फुकट, दर आठवड्याला ताजी, आणि यादीतला प्रत्येक माणूस नुकतंच काहीतरी सरकारी करून बसलेला. त्याला आणखी एक कागद येणार याची धास्ती असतेच.

वायपोची खरी फी ओळखायला सोपी असते, कारण ती स्विस फ्रँकमध्ये असते: काळ्या-पांढऱ्या चिन्हाला मूळ फी ६५३ फ्रँक, रंगीत असेल तर ९०३. भारतातल्या नोंदणीचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी, ऑनलाइन केलं तर एका वर्गाला ९,००० रुपये. ही माहिती कुठे लपवलेली नाही. पण ज्याने दहा वर्षांत एकदा हे काम केलं आणि तेही वकिलाच्या हातून, त्याला ती कुठून पाठ असणार!

याला शिक्षा होत नाही असं मात्र नाही. युरोपातल्या ट्रेडमार्क मालकांना अशी बिलं पाठवणाऱ्या टोळीतल्या २४ जणांना स्वीडनच्या अपील न्यायालयाने २०१७ साली दोषी ठरवलं. अमेरिकेतली गोष्ट तर नाटकात शोभावी अशी. लॅटव्हियाच्या रीगा शहरातल्या एका माणसाने ‘पेटंट अँड ट्रेडमार्क ऑफिस, एलएलसी’ याच नावाची कंपनी काढली. खऱ्या सरकारी कार्यालयाच्या नावातून ‘युनायटेड स्टेट्स’ तेवढं गळालेलं. त्या नावाने तो ट्रेडमार्क मालकांना नूतनीकरणाची पत्रं धाडायचा, फी खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. लोक भरत होते, कारण लिफाफ्यावर कार्यालयाचं नाव होतं! २०२१ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या न्यायालयाने त्याला चार वर्षांपेक्षा जास्त कैद सुनावली. पकडले गेलेले हे असे मोजके. बाकीचे एका नावाची कंपनी बंद करून दुसऱ्या नावाची उघडतात आणि त्यासाठी नवं बोधचिन्ह पुरतं.

कोल्हापूरच्या कारखान्याला निदान निर्यात आहे, वकील आहे, सीए आहे. खाली उतरलं की हेच पत्र कागद सोडून मोबाइलवर येतं आणि रक्कम युरोतून हजार-दोन हजार रुपयांवर उतरते.

उद्यम नोंदणीचं घ्या. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी या नावाने होते. त्याआधी उद्योग आधार होता. नोंदणी पूर्ण मोफत, कागदपत्रं जोडायची नाहीत, माहिती स्वतःच जाहीर करायची, आणि एकदा मिळालेला क्रमांक कायमचा. नूतनीकरण हा प्रकारच नाही. ६ कोटींच्या वर उद्योग आता या यादीत आहेत. आणि तरीही ‘उद्यम’ हा शब्द सर्चमध्ये टाकला की खऱ्या पोर्टलच्या आगेमागे जाहिरात दिलेली संकेतस्थळं उभी राहतात. वर तिरंगी पट्टी, चक्राच्या आसपास जाणारं काहीतरी गोल, सरकारी फॉर्मसारखा हुबेहूब फॉर्म, आधार क्रमांकाचा रकाना, आणि शेवटी पैसे भरायचं बटण. दीड-दोन हजारांपासून पुढे. पानाच्या तळाशी, ज्याच्या पलीकडे कुणाचं बोट सरकत नाही तिथे, ‘आम्ही खासगी सल्लागार आहोत’ अशी ओळ.

पिठाची गिरणी, ब्युटी पार्लर, शिलाई मशीन, रसवंती: ही मंडळी या पानांवर जातात. मुद्रा कर्जासाठी बँकेत गेलं की ‘उद्यम आणा’ म्हणतात. कोणतं पोर्टल, फी किती, हे काउंटरवरून सांगायला कुणाला सवड नसते. उद्योग आधारवाल्यांना उद्यमवर सरकायची मुदत पुन्हापुन्हा वाढत ३० जून २०२२ पर्यंत गेली, तेव्हा तर या संकेतस्थळवाल्यांची दिवाळीच होती. ‘तुमचं सर्टिफिकेट बाद होणार आहे’ हे वाक्य त्या काळात अर्धं खरं होतं आणि अर्ध्या खऱ्याइतकं खपणारं दुसरं काही नाही. मुदत संपली तरी वाक्य चालूच आहे. आता ते ‘उद्यम रिन्यूअल’ म्हणून येतं.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. तालुक्याच्या ठिकाणी बस स्टँडसमोर नेट कॅफेवाला बसतो. शंभर-दोनशे घेतो, उद्यमचा फॉर्म भरतो, प्रिंट काढतो, लॅमिनेशन करून देतो. त्याला कुणी लुबाडणारा म्हणत नाही आणि म्हणूही नये. तो आपल्या मेहनतीचे पैसे आपल्या नावाने घेतो. त्याच्या बोर्डावर अशोकचक्र नसतं. दीड हजार घेणारा संकेतस्थळवालाही तोच फॉर्म भरतो, कदाचित प्रमाणपत्रही खरंच काढून देतो. पण पैसे सरकारच्या आवाजात मागतो. फरक रकमेचा आहेच, त्याहून मोठा या आवाजाचा आहे.

हा आवाज इतका चालतो कसा, हे कळायला खऱ्या सरकारी पत्राकडे बघावं लागतं. माझ्या मते या प्रकरणातला निम्मा दोष तिथे आहे.

दुकानदाराला येणाऱ्या खऱ्या जीएसटी नोटिशीची भाषा बघा. डीआरसी-०१, एएसएमटी-१०, आरईजी-१७. कलम, उपकलम, नियम, ‘वरील संदर्भान्वये’. काय चुकलं, किती भरायचं, कधीपर्यंत आणि नाही भरलं तर काय, हे चार प्रश्न घेऊन वाचायला बसलं तर तिसऱ्या पानावर एखादं उत्तर हाती लागतं. दुकानदार वाचतच नाही. फोटो काढतो, कर सल्लागाराला व्हॉट्सॲप करतो. सल्लागाराकडे दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३-बी या विवरणपत्रांची घाई. त्या गर्दीत आलेल्या फोटोवर रक्कम किरकोळ असेल तर तोही लिहितो, ‘भरून टाका.’ बनावट पत्र याच फटीतून आत येतं. गंमत अशी की ते खऱ्यापेक्षा वाचायला सोपं असतं. रक्कम ठळक, तारीख ठळक, क्यूआर कोड तयार.

दुसरी विसंगती याहून मोठी. जीएसटीची खरी नोटीस आता टपालाने क्वचितच येते; ती पोर्टलवर टाकली जाते. पोर्टलवरही नोटिशींचा एकच कप्पा नव्हता. ‘अतिरिक्त नोटिसा आणि आदेश’ असा वेगळा कप्पा होता आणि कित्येक नोटिसा तिथे जाऊन बसल्या. व्यापाऱ्याला कळलं ते थेट बँक खातं गोठल्यावर. मद्रास उच्च न्यायालयापुढे अशा याचिका एकामागून एक आल्या. न्यायालयाने बऱ्याच प्रकरणांत आदेश रद्द करून, वादातल्या कराचा काही हिस्सा भरायला लावून, पुन्हा सुनावणीची संधी दिली. थोडक्यात, खरी नोटीस जिथे कुणी बघत नाही तिथे पडून राहते आणि खोटी मात्र थेट हातात, मोबाइलच्या पडद्यावर, रात्री साडेनऊलाही पोचते. अशा वेळी दुकानदाराने खरं कुठलं मानायचं?

केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने यावर उपाय काढला तो ८ नोव्हेंबर २०१९ पासून. प्रत्येक समन्स, प्रत्येक पत्र, प्रत्येक झडतीच्या परवानगीवर डीआयएन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक हवा. मंडळाच्या संकेतस्थळावर तो टाकला की पत्र खरं की खोटं ते कळतं. काही अपवाद सोडले तर क्रमांक नसलेला कागद काढलाच नाही असं धरायचं. उपाय चांगला होता. पण तो केंद्राच्या अधिकाऱ्यांपुरता. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय आला तेव्हा राज्यांपैकी फक्त कर्नाटक आणि केरळात अशी व्यवस्था होती. बाकीच्यांनीही आणावी, असं न्यायालयाला सांगावं लागलं. पोर्टलवरून निघणाऱ्या कागदांना आरएफएन नावाचा वेगळा संदर्भ क्रमांक असतो, तो जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो.

मग बनावट समन्स बनवणाऱ्यांनी काय केलं? त्यांनीही डीआयएन छापला. जीएसटी गुप्तचर महासंचालनालयाला अशी समन्सं सापडू लागली आणि मंडळाला लोकांना सावध करावं लागलं: दिसायला अगदी खरी, क्रमांकासकट, तो क्रमांक तपासून बघा. क्रमांक असला म्हणजे पत्र खरं, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं होतं. तपासायचं असतं, ही अर्धी गोष्ट पोचलीच नव्हती. पुण्यातले एक कर सल्लागार मला म्हणाले, “अहो, माझे क्लायंट डीआयएन बघून आणखी घाबरतात. नंबर आला म्हणजे केस झाली!”

आता समुद्रापलीकडचा प्रकार. त्यात आपल्याकडचे लघुउद्योजक चांगलेच पोळले आहेत आणि त्याची चर्चा होत नाही. पुण्या-कोल्हापूरचे सुटे भाग बनवणारे हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला जातात, नाशिकचे द्राक्षवाले बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिकाला. प्रदर्शनात गाळा घेतला की नाव सूचीत छापून येतं. परत आल्यावर एक फॉर्म येतो, प्रदर्शनाचं नाव ठळक टायपात. ‘तुमची माहिती तपासा, चूक असल्यास दुरुस्त करा, सही करून परत पाठवा. साधी नोंद मोफत.’ कारखान्यात हे काम ऑफिसातल्या मुलीकडे जातं. ती स्पेलिंग दुरुस्त करते, शिक्का मारते, साहेबांची सही घेते, स्कॅन करून पाठवते. सहीच्या वरच्या बारीक मजकुरात तीन वर्षांचा जाहिरातीचा करार दडलेला असतो, वर्षाला साधारण हजार युरोचा. काही आठवड्यांनी बिल येतं, मग स्मरणपत्र, मग वसुलीवाल्याचं पत्र, मग ‘आमचे वकील’.

हा धंदा युरोपला इतका जाचला की ४०० हून अधिक तक्रारअर्ज युरोपीय संसदेपुढे गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये तिने दिशाभूल करणाऱ्या सूची-कंपन्यांविरुद्ध ठराव केला. प्रदर्शन व्यवसायाची जागतिक संघटना यूएफआय वर्षानुवर्षं सांगते आहे: सही झाली असली तरी पैसे भरू नका, करार दिशाभूल करून घेतला असं लेखी कळवा. पण वसुलीचं पत्र जर्मन किंवा स्पॅनिश पत्त्यावरून आलं की आपला माणूस हबकतो. पुढच्या वर्षी व्हिसा लागणार असतो. ‘नको ती भानगड’ म्हणून पहिल्या वर्षाचे पैसे जातात आणि पहिल्याचे गेले की दुसऱ्याचे मागायला त्यांना जोर येतो.

यात कायद्याची जी अडचण आहे ती सगळीकडे सारखीच. फसव्या जाहिरातीपासून संरक्षण मुख्यतः ग्राहकाला असतं. व्यापारी म्हणजे जाणता, त्याने वाचून सही करावी, असं कायदा गृहीत धरतो. युरोपात व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातल्या दिशाभुलीसाठी वेगळा आणि बराच तोकडा निर्देश आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेणारा ग्राहक नाही. केवळ पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सूट आहे. म्हणजे रसवंतीवाला ग्राहक आयोगात जाऊ शकतो आणि सात कामगारांचा वर्कशॉपवाला गेला तर आधी ‘तुम्ही ग्राहक आहात का’ यावरच तारखा पडतात. हिशेबात मात्र दोघांकडेही वकील ठेवण्याएवढी शिल्लक नसते. मागितलेली रक्कमही नेमकी अशीच बेतलेली असते की भांडण्यापेक्षा भरणं स्वस्त पडावं.

अमेरिकेत निदान लिफाफ्यासाठी नियम आहे. बिलासारखी दिसणारी जाहिरात पाठवायची तर हे बिल नाही, पैसे भरायचं बंधन नाही, असं ठळक छापावं लागतं; नाहीतर ते पत्र टपालाने पाठवण्याजोगंच नाही असं ठरतं. तरी न्यू जर्सीत नवी एलएलसी काढणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. नोंदणी झाल्यावर पहिल्या महिन्यात शुभेच्छांपेक्षा असली पत्रंच जास्त येतात: कामगार कायद्याची पोस्टर विकत घ्या, ‘सर्टिफिकेट ऑफ स्टेटस’ मागवा. २०२४ मध्ये कंपनीचे खरे मालक कोण, ते अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेनला कळवण्याचा नियम लागू झाला. कळवणं फुकट होतं, पण ‘फॉर्म ४०२२’ नावाचा फिनसेनचा नसलेला फॉर्म आणि पैशाची मागणी घेऊन पत्रं निघाली. मार्च २०२५ मध्ये देशांतर्गत कंपन्यांना त्या नियमातून सूटच मिळाली. नियमाचं आयुष्य इतकं छोटं, आणि तेवढ्यातही त्याच्यावर कमावून घेणारे निघाले.

आपल्याकडे राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, सरकारी नोकर असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, फसवणुकीला कलम ३१८ आहे. बनावट समन्स त्यात सरळ बसतं. कोल्हापूरचं ते पत्र बसत नाही, कारण त्यावर सिंहमुद्रा नाही, कुणी अधिकारी असल्याचा दावा नाही, आणि मागे करड्या अक्षरांत सगळं कबूल केलेलं आहे. ‘जे बिल नाही ते बिलासारखं दिसता कामा नये’ एवढा साधा नियम टपाल खात्याच्या किंवा व्यापार मंत्रालयाच्या पातळीवर करायला काय हरकत आहे, याचं उत्तर मला कुठे मिळालं नाही. सल्लागारांच्या संघटनाही तो मागताना दिसत नाहीत.

तक्रारीचंही तसंच. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे गेले नसतील, पण संशयास्पद फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप आला असेल तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ ही सोय मार्च २०२४ पासून आहे. आता जाड कागदावर, टपालाने आलेलं पत्र, ज्याचे पैसे गेले नाहीत, ते यांपैकी कुठल्या रकान्यात भरायचं? मसाला कारखान्याच्या मालकांनी पोलीस ठाण्यात विचारून पाहिलं. “नुकसान किती झालं?” ठाणे अंमलदारांनी विचारलं. काही नाही म्हटल्यावर त्यांनी पत्र परत दिलं. शेवटी सीएंनी ते स्कॅन केलं आणि वायपोला पाठवलं, कारण वायपो अशा पत्रांचे नमुने मागवते आणि आपल्या संकेतस्थळावर पाठवणाऱ्याच्या नावासकट लावते. सीए म्हणाले, ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत बघा. जवळजवळ सगळ्या नावांत ‘रजिस्टर’ किंवा ‘ऑफिस’ आहेच.